संध्याकाळी सहानंतर हात डब्याकडे जातोच, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, बैठी नोकरी, चार महिन्यांपासून वजन कमी करायचं चाललंय. सकाळी नुसती कॉफी, दुपारी सूप आणि सॅलड, संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर रात्रीचं जेवण तयार होईपर्यंत उभ्या उभ्या बिस्किटं, चिप्स, चीजचा तुकडा, हाताला लागेल ते, आणि जेवण झाल्यावर परत टीव्हीसमोर चॉकलेट. सुरुवातीला तीन किलो उतरले, पण गेले दोन महिने काटा जागचा हलत नाहीये. आणि शेवटी लिहिलंय, "दिवसभर मी शहाण्यासारखी वागते, संध्याकाळी माझ्या अंगात कोण शिरतं कळत नाही, माझ्याकडे विलपॉवरच नाहीये बहुतेक."

मी सतरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि हे शेवटचं वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याने "संध्याकाळी" म्हटलं की मी पुढचं ऐकायच्या आधीच विचारते, दुपारी काय खाल्लंत? कारण संध्याकाळी जे होतं ते बहुतेक वेळा सकाळपासूनच शिजत असतं. तुमच्याच दिवसाचा हिशोब बघूया ना. दूध घातलेली कॉफी म्हणजे धरा ५० कॅलरी. सूप आणि सॅलड, वरून थोडं ड्रेसिंग, फार तर २५०. म्हणजे उठल्यापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत तुमच्या पोटात ३०० कॅलरी गेल्या, आणि तुमच्या वयाच्या बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १७०० ते १९०० लागतात. बारा तासात एवढंसं मिळाल्यावर शरीर संध्याकाळी दार ठोठावणार नाही तर काय करणार? तुम्ही ज्याला शहाणपण म्हणताय ते उधारीवर चाललंय, आणि साडेसहा वाजता घरात पाऊल टाकलं की वसुलीवाला दारात उभा.

आता संध्याकाळचाही हिशोब करते, रागावू नका. चार बिस्किटं अंदाजे २५०, चिप्सचं ५० ग्रॅमचं पाकीट २७०, चीज ३० ग्रॅम म्हणजे १२०, झाले ६४०. रात्रीचं चॉकलेट ४० ग्रॅम धरलं तर आणखी २०० च्या वर. म्हणजे साडेआठशे कॅलरी, आणि यातलं काहीही ताटात वाढून घेतलेलं नाही त्यामुळे "मी काय खाते" असं कुणी विचारलं तर ते आठवणारही नाही. यात खोटेपणा नाही हं. १९९२ मध्ये अमेरिकेत "आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं नीट मोजून बघितलं होतं, तर ते जेवढं सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्षातलं खाणं कितीतरी जास्त निघालं, सरासरी ४७ टक्के खाणं सांगण्यातून सुटलं होतं. मुद्दाम लपवत होते असं नाही. येता जाता तोंडात टाकलेलं डोक्यात नोंदलंच जात नाही.

विलपॉवरबद्दल एक गोष्ट सांगते मग तो शब्द बाजूला ठेवूया. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण, धडधाकट पुरुषांवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी. हे लोक स्वतःहून आलेले, युद्धात शस्त्र घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, म्हणजे मनाने किती पक्के असतील विचार करा. काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात जेवणाशिवाय विषय उरला नाही, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, आणि प्रयोग संपल्यावर पोट गच्च भरलं तरी भूक जात नाही अशी तक्रार करत राहिले. त्यांना कुणी "विलपॉवर कमी" म्हणेल का? नाही ना, मग स्वतःलाही म्हणू नका. (अजून एक, विलपॉवर दिवसभर वापरून संध्याकाळी बॅटरीसारखी संपते हे तुम्ही वाचलं असेल. छान वाटतं ऐकायला, पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर ते पुन्हा तपासलं तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यामुळे त्या बॅटरीच्या गोष्टीवर मी तरी काही उभारत नाही.)

पण मग सकाळी भूकच लागत नाही त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, बऱ्याच जणांना लागत नाही, आणि त्याला शरीरातलं घड्याळही कारण आहे. २०१३ मध्ये शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लोकांना १३ दिवस मंद उजेडात ठेवून, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा फिरवून बघितलं की नुसत्या आतल्या घड्याळाने भूक कशी बदलते. सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी, रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त, आणि ती वाढलेली इच्छा गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. म्हणजे संध्याकाळी चिप्स आणि बिस्किटं आठवतात आणि काकडी आठवत नाही यात तुमचा काही विशेष दोष नाही, सगळ्यांचंच घड्याळ तसं चालतं. पण यातून घ्यायचं ते असं की सकाळच्या "भूक नाही" वर पूर्ण विश्वास टाकून दिवस काढायचा नाही. घड्याळ सकाळी भूक दाबून ठेवतं आणि संध्याकाळी वर आणतं, तुम्ही सकाळचं ऐकून दिवसभर उपाशी राहिलात तर संध्याकाळी दोन्ही बाजूंनी मार पडतो, घड्याळाचा आणि रिकाम्या पोटाचा.

नाश्ता केला की वजन उतरतं असं मी म्हणत नाहीये हं, ते म्हणू नका माझ्या नावावर. २०१९ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नाश्ता करायला लावलेल्या लोकांचं वजन न करणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तच निघालं होतं. ज्यांना सकाळी न खाता दिवस नीट जातो आणि संध्याकाळही शांत जाते त्यांना मी कधी नाश्त्याचा आग्रह करत नाही, जे चाललंय ते चालू दे. पण ज्यांची संध्याकाळ बिघडते त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे सकाळी काय खाल्लं याला नाश्ता केला की नाही यापेक्षा जास्त महत्त्व आहे. मिसूरी विद्यापीठात २०१३ मध्ये नाश्ता न करणाऱ्या २० जाड्या किशोरवयीन मुलींवर एक प्रयोग झाला, एकदा नेहमीचा सिरियलचा (कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थाचा) नाश्ता, त्यात १३ ग्रॅम प्रोटीन, आणि एकदा ३५ ग्रॅम प्रोटीनचा. संध्याकाळचं तेलकट-तुपकट चरणं कमी झालं ते ३५ ग्रॅमवाल्या दिवसांत. लहान अभ्यास आहे, वीसच मुली, पण माझ्या टेबलासमोर मी जे बघते त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

तुम्हाला ३५ वर उडी मारायची गरज नाही. २० ते २५ ग्रॅम जमलं तरी फरक कळतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, घट्ट चक्क्यासारखं दही २०० ग्रॅम घेतलं तर १८-२०, शिजवलेली कडधान्यं वाटीभर घेतली तर १२ च्या आसपास. सकाळी सातला घशाखाली उतरत नसेल तर दहाला ऑफिसमध्ये खा, मला वेळेचं काही नाही.

दुपारचं सूप-सॅलड मात्र बदलायलाच हवं. सॅलड वाईट नाही, पण त्याने पोट फुगतं, भरत नाही. तासभर छान वाटतं, साडेतीनला डोळे मिटायला लागतात आणि मग मीटिंगमध्ये कुणीतरी ठेवलेलं बिस्किट. त्याच सॅलडमध्ये मूठभर नाही, चांगली वाटीभर शिजवलेली कडधान्यं किंवा दोन अंडी किंवा तळहाताएवढा चिकन-माशाचा तुकडा घाला, बरोबर एक ब्रेडचा स्लाइस किंवा थोडा भात घ्या. हो, भात. कार्ब पूर्ण तोडल्यावर संध्याकाळी ज्या गोष्टीची तलफ येते ती नेमकी कार्बचीच असते हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही. डब्याचं एकूण ४५०-५०० कॅलरीपर्यंत जाऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोकांचं काम एवढ्यावरच होतं: संध्याकाळी पाचचं खाणं अधिकृत करा. म्हणजे चोरून, उभ्याने, "हे मोजायचं नाही" असं नाही, रीतसर. ऑफिसमधून निघायच्या आधी, जागेवर बसून, २०० कॅलरीच्या आसपास. एक सफरचंद आणि मूठभर बदाम, किंवा दही आणि फळ, किंवा उकडलेलं अंडं आणि एक ब्रेड. मूठभर म्हणजे २०-२५ ग्रॅम हं, बदामाचा डबा मांडीवर घेऊन बसलात तर तीसेक ग्रॅमलाच १७५ कॅलरी होतात आणि नंतर म्हणाल मॅडमनीच सांगितलं होतं.

हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आम्ही कमी करायला आलो आणि तुम्ही आणखी एक वेळ खायला सांगताय! एका शिक्षिकेशी तर मला या एका गोष्टीवर तीन भेटी वाद घालावा लागला होता. त्यांचं म्हणणं, मी पाचला खाल्लं तरी साडेसहाला पण खाणारच मग दोन्ही अंगावर येईल. म्हटलं दहा दिवस करून बघा, दोन्ही अंगावर आलं तर माझी फी परत. पहिले तीन-चार दिवस खरंच दोन्ही झालं, कारण हाताला सवय असते, पण नंतर त्या सांगायला लागल्या की चिप्सचं पाकीट उघडते आणि अर्धं तसंच राहतं. फी परत द्यावी लागली नाही. शून्य ते दहाच्या मापात भूक सात-आठ नंबरवर पोचल्यावर तिच्याशी चर्चा होत नसते, ती चारवर असताना खाल्लं तर होते, एवढाच त्यातला हिशोब. पाचला २०० खाऊन साडेसहाचे ६४० निम्म्यावर जरी आले तरी तुम्ही फायद्यात.

बरं, हे सगळं केलं तरी काही खाणं उरतंच, आणि ते भुकेचं नसतं. ते ओळखायची माझी साधी रीत अशी, स्वतःला विचारायचं की आत्ता समोर एक साधं उकडलेलं अंडं किंवा कोरडा ब्रेड ठेवला तर खाईन का? उत्तर "हो, आण" असेल तर ती भूक आहे, खा, गुपचूप दाबू नका. उत्तर "छे, अंडं नको, चिप्सच पाहिजेत" असेल तर पोटाला काही नकोय, दुसरंच कुणीतरी मागतंय. थकवा असेल, डोकं भणभणलेलं असेल, दिवसभरात स्वतःसाठी पाच मिनिटं मिळालेली नसतील, किंवा नुसतीच सवय. तुम्ही लिहिलंय की पर्स खाली ठेवायच्या आधी कपाट उघडता. म्हणजे दाराच्या कुलपात किल्ली फिरली की मेंदूत पुढचा सीन आपोआप सुरू होतो, त्यात तुम्ही ठरवायला मध्ये येतच नाही.

अशा सवयीशी समोरासमोर कुस्ती खेळू नका, तिची वाट बदला. घरात शिरल्यावर पहिली वीस मिनिटं स्वयंपाकघरात जायचंच नाही, कपडे बदला, तोंड धुवा, दहा मिनिटं आडवं पडा, मुलांशी बोला, काहीही, पण त्या कपाटाच्या दिशेने पाय नको. आणि जमलं तर घरात शिरायच्याच आधी पंधरा मिनिटं भराभर चाला. एक्झिटर विद्यापीठातल्या एका प्रयोगात नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांना १५ मिनिटं चालायला लावून मग कामाला बसवलं, समोर चॉकलेट ठेवून, तर न चालता बसलेल्यांच्या मानाने त्यांनी साधारण निम्मंच खाल्लं. चालण्याने कॅलरी किती जळल्या ते सोडा, पंधरा मिनिटांत काही विशेष जळत नाहीत, पण डोक्यातला तो सीन तुटतो. आणि हे लगेच जमेल असं समजू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर बघितलं होतं की नवीन सवय आपोआप व्हायला किती दिवस लागतात, सरासरी ६६ निघाले, कुणाला १८ लागले तर कुणाला अंदाजाने २५४ पर्यंत. ते २१ दिवसवालं जे फिरत असतं ते विसरा. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं शून्यावर येत नाही हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं.

घरातल्या सामानाबद्दल थोडं कडक बोलते. चिप्स आणि क्रीमची बिस्किटं "मुलांसाठी आणलीयत" असं मला सगळेच सांगतात, आणि मग विचारलं की गेल्या आठवड्यात ती कुणी खाल्ली की शांतता. आणायचंच असेल तर लहान पाकीट, त्या दिवशी लागेल तेवढंच. हे पदार्थ समोर असताना कमी खाणं खरोखर अवघड आहे, फक्त तुम्हालाच नाही, २०१९ मध्ये केविन हॉल या अमेरिकन संशोधकाने २० लोकांना २८ दिवस एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे पाकीटबंद अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, साखर, फॅट, फायबर सगळं कागदावर सारखं आणि हवं तेवढं खा म्हणून मोकळीक, तरी पाकीटवाल्या दिवसांत लोक रोज ५०० कॅलरींच्या आसपास जास्त खात होते. त्यामुळे घरात ते नसणं हाच स्वस्तातला उपाय. घरातले ऐकत नसतील तर निदान वरच्या फळीवर, बंद डब्यात, स्टूल घ्यावं लागेल अशा ठिकाणी. हसू नका, स्टूल आणायला जायचा कंटाळा भल्याभल्यांना वाचवतो.

जेवण बनवताना जे तोंड चालतं त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे की जेवणच लवकर करा. साडेसहाला येऊन नऊला जेवता, मधले अडीच तास तुम्ही अन्नाला हात लावून उभ्या आणि खायचं नाही म्हणता, हे तोंड बांधून बुक्क्यांचा मार झाला. भाज्या आदल्या रात्री चिरून ठेवा, कडधान्यं शिजवून फ्रीजमध्ये ठेवा, साडेसातला पानावर बसता आलं तर मधलं खाणं आपोआप गळून पडतं. चव बघायला अर्धा चमचा. तेवढा चालतो.

रात्रीच्या चॉकलेटचा मामला वेगळा आहे, तो पोटाचा नाहीच, जेवण तर आत्ताच झालंय. तो सोफ्याचा आहे. टीव्ही बघताना खाल्लं की किती खाल्लं ते नोंदलं जात नाही आणि पुढच्या वेळी पण जास्त खाल्लं जातं, यावर बरेच अभ्यास एकाच बाजूला बोट दाखवतात. मी चॉकलेट बंद करायला सांगत नाही. तीन तुकडे बशीत काढायचे, बाकीचं आत ठेवायचं, आणि जेवणाच्या टेबलावरच जेवणाला लागून खायचे, टीव्ही लावायच्या आधी. मग दात घासायचे. वेडगळ वाटेल पण पेस्टच्या चवीवर चॉकलेट लागत नाही चांगलं, आणि परत घासायचा कंटाळा येतो.

यात झोपेकडे कुणी बघत नाही. तुम्ही बारा-साडेबाराला झोपून सहाला उठता असं लिहिलंय. २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी वर आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली गेलेलं दिसलं, दहा तास झोपायला मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ना, इथे उलटं होतं, निजेला धोंडाही मिळाला नाही तर भूक कोंड्यावर भागत नाही, तिला चॉकलेट लागतं. शिवाय साडेअकराला जाग्या नसाल तर साडेअकराचं खाणंही होत नाही, इतकं सोपं आहे ते. संध्याकाळची सहाची कॉफी तेवढी बंद करा, कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास घेतं.

आणि "सात नंतर खाल्लेलं सगळं चरबी होतं" हे कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. उशिरा खाल्ल्याने फरक पडत नाही असंही नाही, २०२२ मध्ये १६ जास्त वजनाच्या लोकांना तेच अन्न चार तास उशिरा दिलं तेव्हा त्यांची भूक वाढली आणि ऊर्जा थोडी कमी खर्च झाली. पण म्हणून सात वाजून एक मिनिटाने गेट बंद होत नाही. गेट बंद व्हायची भीती असली की माणूस सहा पन्नासला हाणतो, आणि सव्वासातला राहवलं नाही की म्हणतो आज मोडलंच आता, उद्यापासून.

ही "आज मोडलंच आता" ची गोष्ट मला वाटतं सगळ्यात जास्त वजन वाढवते, बिस्किटांपेक्षाही. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी. १९७५ च्या एका गाजलेल्या प्रयोगात डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, आणि डाएटवाल्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण नियम तर मोडलाच होता. तुमच्या लिहिण्यातही ते दिसतंय बघा, "दोन बिस्किटं खाल्ली की मग मी थांबतच नाही". दोन बिस्किटांनी तुमचं काहीही बिघडलेलं नव्हतं, सव्वाशे कॅलरी. बिघडलं ते त्यानंतरच्या "आता काय" ने. आणि त्याहून पुढची चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दुपारचं जेवणही उडवणं. मग त्या दिवसाची संध्याकाळ आणखी वाईट, बुडत्याचा पाय खोलात. काल रात्री कितीही झालं असलं तरी आज सकाळचं, दुपारचं आणि पाचचं खाणं ठरल्याप्रमाणेच होणार, याबाबतीत मी माझ्या लोकांशी अजिबात तडजोड करत नाही. बाकी सगळ्यात करते.

पाणी प्या, ग्रीन टी प्या, बडीशेप चघळा, हे उपाय तुम्ही करून झाले असणार. नुकसान काही नाही. पण ३०० कॅलरींवर बारा तास काढलेल्या पोटाला पाण्याने किती वेळ फसवणार?

काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्यात माझ्या या सल्ल्यावर थांबू नका. रात्री झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय परत झोप येत नाही असं आठवड्यातून दोनदा किंवा जास्त होत असेल, किंवा दिवसभराच्या खाण्याचा पाव भाग किंवा त्याहून जास्त रात्रीच्या जेवणानंतर जात असेल, तर त्याला नाईट इटिंग सिंड्रोम म्हणतात, अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५५ मध्येच ते लिहून ठेवलंय, त्यावर उपचार आहेत. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हातात राहत नाही, नंतर स्वतःची किळस येते, असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललंय, तर ते बिंज इटिंग, तिथे डाएट चार्ट देणं म्हणजे आगीत तेल, आधी मानसतज्ज्ञ. डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर संध्याकाळची थरथर आणि घाम असलेली भूक साखर उतरल्याची असू शकते, तिथे चालून वगैरे भूक मारायला जाऊ नका, साखर तपासा आणि डॉक्टरांशी बोला. स्टेरॉइड्स आणि मनाच्या आजारांवरची काही औषधं भूक वाढवतात, तीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते, त्या आठवड्यात पाचच्या खाण्यात शंभर कॅलरी वाढवा आणि काट्याकडे बघू नका, तेव्हा पाणीही साठतं.

आता तुमच्यासाठी, फक्त पुढचे दोन आठवडे. सगळं एकदम करू नका, चॉकलेटला हात लावू नका, म्हणजे बंद करायला जाऊ नका. दुपारच्या डब्यात प्रोटीन आणि थोडा भात किंवा ब्रेड, आणि पाचचं खाणं, एवढ्या दोनच गोष्टी. संध्याकाळी सातला एका कागदावर भुकेचा आकडा लिहा, शून्य ते दहा, आणि त्याखाली पाचला काय खाल्लं ते. वजन पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी, मध्ये नाही. आकडा सात-आठवरून चार-पाचवर आला तर मग आपण नऊच्या जेवणाची वेळ पुढे-मागे करायला आणि बशीतल्या तीन तुकड्यांकडे येऊ. आकडा हललाच नाही तर तो कागद मला पाठवा, आणि दुपारच्या डब्यात नेमकं काय आणि किती होतं तेही खरं खरं लिहा, "सॅलड होतं" असं नुसतं नको.